ब्रेकला नशिबाचं नाव देऊ नका

ब्रेक मारताना काळा बॉल पॉकेटमध्ये गेला की गेम जिंकला, हा नियम मी माझ्या पूल पार्लरमधून काढून टाकला आहे. पोरांनी बरीच कुरकुर केली, काही जण रागावून दुसरीकडे खेळायला गेले. तरी तो नियम मी परत आणणार नाही. आठ-बॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ब्रेकवर काळा पडला तर कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. पांढरा टेबलावर शाबूत असेल तर ब्रेक मारणाऱ्याला दोनच वाटा असतात. काळा पुन्हा स्पॉटवर ठेवून पुढे खेळायचं, नाहीतर रॅक, म्हणजे बॉलचा त्रिकोण, नव्याने लावून पुन्हा ब्रेक मारायचा. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी तिथेच गेम संपतो, टाळ्या पडतात आणि पुढच्या गेमचे पैसे निघतात. त्यामुळे आपली पोरं पहिल्या शॉटकडे लॉटरी म्हणून बघायला शिकली आहेत. अंगात असेल नसेल ती ताकद लावायची आणि मग जे पडेल ते बघायचं. ब्रेक म्हणजे नशीब, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. नियमच तसं सांगतो.

मला हे मान्य नाही. पूलमध्ये शिकून सुधारता येण्यासारखा सगळ्यात हक्काचा शॉट कुठला असेल, तर तो ब्रेक. बाकीचा प्रत्येक शॉट तुम्हाला कोणीतरी दिलेला असतो. समोरच्याने पांढरा कुशनला चिकटवून ठेवला तर तसा खेळावा लागतो, आपल्याच मागच्या शॉटने घोळ घातला असेल तर तो निस्तरावा लागतो. एकच जागा दोनदा मिळत नाही. ब्रेकला मात्र सगळं रोज तेच असतं. बॉल तेच, अंतर तेच, पांढरा लाइनीच्या मागे कुठे ठेवायचा ते तुमच्या हातात. समोरच्याने अजून काहीही केलेलं नसतं. जी गोष्ट दरवेळी तशीच समोर येते तिचा सराव करता येतो, आणि आपल्याकडे नेमका तिचाच सराव कोणी करत नाही. लाँग पॉटचा सराव करणारी मुलं मी पाहते, बँक शॉट तासन्‌तास घोटणारी पाहते. एकट्याने येऊन ब्रेकचा सराव करणारं कोणी सहसा दिसत नाही.

डोंबिवलीत स्टेशनपासून चालत येण्याच्या अंतरावर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझी चार टेबलं आहेत. चारही नऊ फुटी. संध्याकाळी कॉलेजची मुलं येतात, आठनंतर मुंबईहून लोकलने परतलेली नोकरदार मंडळी येतात, रविवारी एखादे काका मुलाला घेऊन येतात. मी गल्ल्यावर बसते आणि गर्दी नसेल तेव्हा रॅकही लावते. ते काम मला वडिलांनी शिकवलं. ते मुंबईच्या एका जिमखान्यात मार्कर होते. आजच्या मुलांना हा शब्द ठाऊक नाही. बिलियर्ड्स रूममध्ये स्कोअर ठेवणारा, बॉल पुसणारा, स्पॉटवर बॉल ठेवणारा, टेबल ब्रश करून इस्त्री मारणारा, आणि सभासद एकटे आले तर त्यांच्याशी खेळणारा माणूस म्हणजे मार्कर. त्या खोल्यांमध्ये खेळ कसा खेळावा हे अनेकांना अशाच पगारी माणसांनी शिकवलं, आणि त्यांची नावं कुठल्या फलकावर लागली नाहीत.

वडिलांचं जग स्नूकरचं आणि बिलियर्ड्सचं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले, वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेला पहिला भारतीय माणूस ते. त्यांच्यानंतर मुंबईच्या मायकेल फरेरांनी ते पद तीनदा मिळवलं. या नावांबद्दल वडील देवाबद्दल बोलावं तसं बोलायचे. पण मला त्यांच्याकडून जे आलं ते रॅकचं. स्नूकरमध्ये पंधरा लाल बॉलचा त्रिकोण गुलाबी बॉलच्या मागे लावतात. टोकाचा लाल गुलाबीच्या शक्य तितका जवळ हवा, पण टेकता कामा नये. दोघांमधून कागद सरकावा इतकीच फट. वडील ती नुसत्या बोटांच्या अंदाजाने ठेवायचे. मग ट्रँगल उचलण्याआधी दोन्ही हातांची बोटं मागच्या ओळीत घालून सगळे लाल पुढे दाबून धरायचे, क्षणभर थांबायचे आणि लाकूड सरळ वर उचलायचे. एकही बॉल हलायचा नाही.

ब्रेक सुधारायचा तर सुरुवात इथून करावी लागते. आपल्या पार्लरमध्ये रॅक ही पोराटोरांनी उरकायची गोष्ट झाली आहे. प्लास्टिकचा ट्रँगल बॉलवर आपटला, दोनदा मागे-पुढे घासला, उचलला, झालं. पुढचा बॉल स्पॉटवरून अर्धा इंच खाली, दुसऱ्या ओळीत फट, मागची ओळ वाकडी. मग ब्रेक मारणारा आपल्या हाताला दोष देतो, किंवा नशिबाला. बॉल एकमेकांना टेकून असले की धक्का त्यांच्यातून ठरलेल्या वाटांनी जातो. मध्ये केसाएवढी फट पडली की तो आधी त्या फटीत संपतो आणि पुढची वाट बदलते. नऊ-बॉलच्या हिऱ्याच्या आकाराच्या रॅकमध्ये एक नंबर स्पॉटवर असेल आणि रॅक खरोखर घट्ट असेल, तर बाजूच्या टोकाचा बॉल पायाकडच्या कोपऱ्यातल्या पॉकेटकडे जायलाच बघतो आणि एक नंबर मधल्या पॉकेटच्या दिशेने निघतो. मोठे खेळाडू त्या दोन बॉलवर डोळा ठेवूनच ब्रेक मारतात. सैल रॅकमध्ये असा हिशेब जमत नाही, मग उरतो तो नुसता आवाज.

यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. रोज बॉल पुसावे लागतात. चॉकचा चुरा आणि हाताचा तेलकटपणा बसलेले बॉल एकमेकांना चिकटल्यासारखे वागतात आणि नीट फुटत नाहीत. स्पॉटवर हजारो ब्रेक झाले की कापडाला बारीक खळगे पडतात. ते जुने खळगे बॉलच्या आजच्या जागेशी जुळत नसले की पुढचा बॉल आपोआप घरंगळतो. तिथे कापड बदलावं लागतं, किंवा निदान स्पॉटवर नवं गोल ठिगळ लावावं लागतं. परदेशातल्या स्पर्धांत हल्ली पातळ प्लास्टिकचा साचा वापरतात. तो कापडावर अंथरून त्यातल्या भोकांत बॉल बसवले की फट राहत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात तर आणखी वेगळं. जूनपासून कापड ओल धरतं, बॉल जड धावतात, एप्रिलमध्ये टेबलभर पसरणारा तोच ब्रेक ऑगस्टमध्ये अर्ध्या टेबलावर रेंगाळतो. मी त्या महिन्यांत दुपारी पार्लर बंद असतानाही डीह्युमिडिफायर चालू ठेवते. विजेचं बिल वाढतं, पण पैसे देऊन खेळायला येणाऱ्याला न्याय द्यायचा तर ते करावं लागतं.

आता ताकदीबद्दल. नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असते. लाइनीपासून स्पॉटपर्यंत बरोबर अर्धं टेबल, म्हणजे ५० इंच. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, ५७ मिलिमीटर. तेव्हा पांढऱ्याला रॅकपर्यंत जायला सव्वा मीटरच्या आतच अंतर असतं. चांगल्या हौशी खेळाडूचा ब्रेक ताशी २० मैलांच्या, म्हणजे ३२ किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने पांढरा सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्शात रॅकवर पोचतो. हे मुलांना पटवायला मी मोबाइल वापरते. सेकंदाला २४० चौकटी टिपणारं स्लो मोशन आता बहुतेकांच्या फोनमध्ये असतं. क्यूची टिप लागल्यापासून रॅक फुटेपर्यंत ३३ चौकटी आल्या तर तुमचा वेग ताशी ३२ किलोमीटर. कोणाच्या २८ येतात, कोणाच्या ४०. हे आकडे पाहिल्यावर पोरांचे चेहरे बदलतात. सगळ्यात मोठ्याने आपटणारा सगळ्यात वेगवान नसतो. खांदे आवळून, दात खाऊन मारणाऱ्याच्या चौकटी जास्त निघतात, कारण आवळलेला हात क्यूला पुढे जाऊच देत नाही.

माझ्याकडे एक मुलगी येते, सीएचा अभ्यास करते, हाताने अगदी बारीक. तिचा ब्रेक जिममध्ये जाणाऱ्या माझ्याकडच्या पोरांहून चांगला आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं तिचा फटका लागून गेला. पण ती क्यू इतका सैल धरते की मागे नेताना तो तिच्या बोटांवर नुसता टेकलेला असतो, आणि पुढे येताना शेवटच्या क्षणी मनगट आपोआप सुटतं. फिलिपिन्सचे फ्रान्सिस्को बुस्तामांते आठवा. २०१० साली ते नऊ-बॉलचे विश्वविजेते झाले, आणि एकेकाळी जगातला सगळ्यात जोरदार ब्रेक त्यांचा मानला जायचा. अंगाने माणूस किडकिडीत. ती ताकद दंडातून आलेली नाही, ठरलेल्या क्षणी अचूक ठिकाणी टिप पोचण्यातून आलेली आहे.

जोराचा एवढा हव्यास का नको, ते मी मुलांना टेबलावर दाखवते. एकच बॉल स्पॉटवर ठेवा आणि पांढरा समोर लाइनीवर. ब्रेकच्या वेगाने मारा. टक्कर अगदी मध्यावर झाली तर पांढऱ्याचा जवळपास सगळा वेग पुढच्याला मिळतो आणि पांढरा तिथेच उभा राहतो. आता समजा तुमचा नेम सहा मिलिमीटरनी चुकला, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही कमी. जोराच्या दृष्टीने नुकसान जेमतेम एक टक्का, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण पांढरा सेकंदाला जवळजवळ एक मीटर वेगाने बाजूला सुटतो. टेबलाच्या मधोमधपासून बाजूची कुशन पाऊण मीटरसुद्धा दूर नाही. खऱ्या ब्रेकमध्ये असा सुटलेला पांढरा तिथे आपटतो, परततो, वाटेत एखाद्या बॉलला घासतो, आणि बरेचदा सरळ पॉकेटमध्ये जातो. समोरच्याच्या हातात पांढरा जातो, टेबलभर पंधरा बॉल छान पसरलेले असतात, आणि ते तुम्हीच त्याच्यासाठी पसरलेले असतात. इतक्या वेगाने एवढी छोटी चूक एवढा मोठा दंड करते, आणि वेग जितका वाढवाल तितका दंडही वाढतो. म्हणून प्रत्येक खेळाडूने स्वतःचा वेग शोधावा. ज्या वेगाला आपला नेम टिकतो तो आपला ब्रेकचा वेग. त्याहून जास्त लावलेलं बळ समोरच्याच्या कामी येतं.

बॉलच्या या टकरींचा हिशेब फार जुना आहे. पृथ्वी फिरते म्हणून वारे वळतात हे ज्याच्या नावाने आपण भूगोलात शिकलो, त्या फ्रान्सच्या कोरिऑलिसने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. इतक्या मोठ्या माणसाला ज्यात विचार करण्याजोगं सापडलं, ते आमच्या मुलांनी 'लक' म्हणून सोडून द्यावं याचं मला वाईट वाटतं.

लक अजिबात नाही असं मी म्हणत नाही. पंधरा बॉल एकमेकांवर आदळल्यावर प्रत्येक बॉल कुठे थांबेल हे जगातला कोणताही खेळाडू सांगू शकत नाही. रॅकमधला केसाएवढा फरक दोन-चार टकरींनंतर हातभर होतो. पण पांढरा कुठे थांबेल हे सांगता येतं. पुढचा बॉल पूर्ण लागेल की नाही हे सांगता येतं. नऊ-बॉलमध्ये कोणते दोन बॉल पडण्याची शक्यता आहे हेही सांगता येतं. पहिल्या शॉटनंतर पांढरा टेबलाच्या मध्यभागी उभा असेल आणि बाकीचे मोकळे झाले असतील, तर पुढे काय पडलं नि काय नाही याचा फरक फार उरत नाही. तुमच्यासमोर सगळीकडे जाणाऱ्या वाटा असतात.

२००१ साली अमेरिकेतल्या यूएस ओपन नऊ-बॉल स्पर्धेत कोरी ड्यूएलने अंतिम सामन्यात फिनलंडच्या मिका इमोनेनला ११–० असं हरवलं. तो ब्रेक हळू मारायचा. घट्ट रॅकमध्ये कोपऱ्याचा बॉल कसा जातो हे त्याने ओळखलं होतं, आणि जोर कमी ठेवल्याने बाकीचे बॉल कुठे राहतील यावर त्याचा ताबा राहायचा. बघणाऱ्यांना ते आवडलं नाही, कारण त्यांना धडाका हवा होता. पुढे संयोजकांनी नियम आणले. पांढरा एका ठरावीक चौकटीतूनच मारायचा, तीन बॉल पॉकेटमध्ये गेले पाहिजेत किंवा ब्रेकच्या लाइनीपर्यंत आले पाहिजेत, कुठे एकच्या जागी नऊ नंबर स्पॉटवर ठेवायचा. ब्रेक ही नशिबाची गोष्ट असती तर ती आवरायला इतके नियम करावे लागले असते का? एका माणसाने तिचा अभ्यास केला आणि सगळ्या खेळाला आपली मांडणी बदलावी लागली. शेन व्हॅन बोनिंगचंही तसंच. जन्मापासून ऐकू कमी येणारा दक्षिण डकोटाचा हा मुलगा पाच वेळा यूएस ओपन जिंकला, २०२२ मध्ये विश्वविजेता झाला, आणि त्याच्या खेळाबद्दल बोलताना लोक पहिल्यांदा ब्रेकबद्दल बोलतात.

आपल्याला हे नवं वाटायला नको. कॅरम आपल्या घराघरांत आहे, चाळीच्या गॅलरीत आहे, गणपतीच्या मंडपामागे आहे. तिथे ब्रेक घेणारा पांढऱ्या सोंगट्या इंग्रजी वायच्या आकारात मांडतो, आणि त्यातल्या दोन कोपऱ्यांकडे कशा सुटतील ते ठरवूनच स्ट्रायकर सोडतो. कसलेला खेळाडू पहिल्याच पाळीत आपल्या सगळ्या पांढऱ्या सोंगट्या आणि राणी घेऊन व्हाइट स्लॅम करतो. त्याला कोणी नशीबवान म्हणत नाही, सराव आहे म्हणतात. विश्वविजेते झालेले प्रशांत मोरे, योगेश परदेशी याच मातीतले. कॅरमवर बसलेला जो मुलगा राणीभोवतीच्या सोंगट्या बोटाने दाबून घट्ट करतो, तोच माझ्याकडे येऊन पूलचा रॅक कसाही लावतो. घरातली ती नजर त्याने जिना चढतानाच खाली ठेवून येऊ नये, एवढंच मला हवं आहे.

मी शिकवते ते असं. आधी तो एका बॉलचाच सराव. स्पॉटवर एक बॉल, पांढरा समोर मधोमध. अर्ध्या जोराने मारा आणि पांढरा टक्कर झाली तिथेच थांबवा. पुढचा बॉल कुशनला लागून सरळ परत आला आणि उभ्या पांढऱ्याला येऊन टेकला, तर टक्कर बरोबर मध्यावर झाली. यापेक्षा प्रामाणिक परीक्षक नाही. हळू मारताना पांढरा वाटेत लोळायला लागतो, म्हणून टिप मध्याच्या खाली लावावी लागते. जोर वाढेल तशी टिप मध्याकडे आणायची. नेम सुटायला लागला की एक पायरी खाली यायचं. हे जमल्याशिवाय मी पूर्ण रॅक लावून देत नाही.

पूर्ण रॅक आला की एक गोष्ट बदलते. पुढच्या बॉलच्या पाठीशी आता चौदा बॉल उभे असतात, त्यामुळे पांढरा थांबत नाही, उलट मागे उसळतो. म्हणून टिप मध्यावर किंवा केसभर वर लावायची. पांढऱ्याला जे थोडं पुढे लोळणं मिळतं ते ती उसळी खाऊन टाकतं आणि तो टेबलाच्या मध्यावर येऊन स्थिरावतो. क्यू शक्य तितका आडवा ठेवायचा. मागचं टोक उचललं की पांढरा उडतो, रॅकवर हवेतूनच पोचतो, पुढच्या बॉलला वरून बसतो आणि टेबलाबाहेर जातो. माझ्या भिंतीवर त्याच्या खुणा आहेत. उभं राहताना नेहमीपेक्षा जरा सरळ राहायचं, पुढचा हात थोडा लांब ठेवायचा, आणि शेवटची नजर पुढच्या बॉलवर. "काकू, जोर कधी लावायचा?" असं विचारतात. मी म्हणते, "अरे, हात सैल सोड, जोर आपोआप येईल. तू तो अडवतोयस."

एक चूक सगळीकडे सारखी दिसते. ब्रेकसाठी पोरं क्यूच्या स्टँडमधला सगळ्यात जड क्यू शोधतात. जड क्यू हळू चालतो, आणि फटक्यात वजनापेक्षा वेगाचा वाटा मोठा. बहुतेकांना १८-१९ औंसांचा नेहमीचा क्यू ब्रेकलाही चांगला. ज्यांना परवडतं त्यांनी कडक फिनॉलिक टिपचा वेगळा ब्रेक क्यू घ्यावा. त्याने धक्का कमी वाया जातो आणि खेळायच्या क्यूची मऊ टिप चेपत नाही. पण तो घेतल्याने नेम येत नाही.

आठ-बॉलमध्ये बाजूच्या कुशनजवळून दुसऱ्या ओळीतल्या बॉलवर मारायची एक पद्धत आहे. काळा मधल्या पॉकेटकडे सरकतो म्हणून ती लोकप्रिय आहे. मी ती नव्या मुलांना शिकवत नाही. त्यात पांढरा कोपऱ्यात जाण्याचा धोका मोठा, आणि खाली ओढून मारायची सफाई लागते. आधी समोरचा ब्रेक जमू द्या.

आता माझ्यासारख्या पार्लरवाल्यांशी बोलायचं आहे. आपण टेबल एकतर तासावर देतो, नाहीतर गेमवर. गेमवर दिलं तर ब्रेकचा सराव करणाऱ्याला प्रत्येक ब्रेकला एका गेमचे पैसे पडतात. तासावर दिलं तर प्रत्येक ब्रेकनंतर बॉल गोळा करून रॅक लावण्यात त्याचा वेळ जातो. दोन्ही बाजूंनी ज्याला शिकायचं आहे तोच नाडला जातो. सकाळी अकरा ते एक आपली टेबलं रिकामी असतात. मी त्या वेळात एक टेबल अर्ध्या दराने फक्त ब्रेकसाठी देते, आणि रॅक मी किंवा माझा मदतनीस लावतो. काही मालक म्हणतात कापड खराब होईल. कापड खराब होतं ते उंच धरलेल्या क्यूने आणि उडणाऱ्या बॉलने, म्हणजे न शिकलेल्या ब्रेकने. शिकलेला मुलगा कापड वाचवतो. दुसरे म्हणतात, काळा पडल्यावर गेम संपला की पुढचा गेम लवकर सुरू होतो, आपला धंदा होतो. त्या चार पैशांसाठी आपण पोरांना खेळाची पहिलीच गोष्ट चुकीची शिकवतो आहोत. रॅक लावायला एक माणूस ठेवा, त्याला नीट पगार द्या आणि त्याचं काम कौशल्याचं आहे असं वागवा. वडिलांच्या वेळी जिमखान्यात तो मान फक्त खेळाडूंच्या मनात असायचा, पगारात कधी दिसला नाही.

जिल्हा पातळीवर पूलच्या स्पर्धा घेणाऱ्यांनाही एक विनंती. घाईत लावलेल्या रॅकवर कोणाची पात्रता ठरवू नका. पंचांनी रॅक लावावा किंवा साचा वापरावा, आणि ब्रेक मारणाऱ्याला तो जवळ जाऊन पाहायची मुभा असावी. फट दिसली तर पुन्हा लावून मागण्याचा त्याला हक्क हवा, आणि मागितला म्हणून त्याच्याकडे कोणी कटकट्या म्हणून पाहू नये. माझ्याकडची ती सीएची मुलगी एका स्पर्धेत पुन्हा रॅक लावून मागायला लाजली, कारण बाजूला उभे असलेले हसतील असं तिला वाटलं. मी तिला सांगून ठेवलं आहे की पुढच्या वेळी दोनदा मागावा लागला तरी माग, आणि कोणी हसलं तर पांढरा मधोमध थांबवून दाखव.